डावीकडचा आवाज

जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, माझ्या थोरल्या भावाचं लग्नकार्यांना स्पीकर पुरवायचं दुकान होतं. मागंच घर. नव्वदच्या दशकात त्यानं स्वतःच्या हातानं एक पेटी जुळवली. जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज भोंग्याला वाटून देणारी. तिला आम्ही क्रॉसओव्हर म्हणायचो. आत ऑप-अ‍ॅम्पच्या आयसी, आवाजाचा जोर वाढवणाऱ्या, आठ पायांच्या, चिंचोक्याएवढ्या; डाव्या आणि उजव्या स्पीकरला वेगवेगळ्या.

घनसावंगीकडच्या एका लग्नापासून त्यानं धोशा लावला, "डावीकडचा आवाज मेल्यावानी येऊन राह्यला. आयसीच हलकी हाय." मग हैदराबादहून भारी आयसी आली. ती बसवली की चार दिवस खूश, पुन्हा तेच रडगाणं. मग तिच्याहून भारी. मला जुन्या-नव्यात तसूभर फरक कळत नव्हता. तसं म्हटलं की तो उखडायचा, "तुझा कान तयार न्हाई!" पुढं बोलणंच खुंटायचं. धंद्यात त्याच्या कानाला मान होता. दुसरे साउंडवालेही त्याला बोलवून न्यायचे. उजवा हात बटणावर, डावा कान थेट भोंग्याच्या तोंडाला, असा तो आवाज जुळवून द्यायचा. मिसरूड फुटल्यापासून हेच करत आला होता.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. कॅसेट लावून त्याला दोन स्पीकरच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही बाजूंच्या आयसींची अदलाबदल केली.

"डावाच मेलाय."

वायरी बदलल्या.

"डावाच."

आता राहिले स्पीकर. ते उचलायचा मला कंटाळा आला. म्हटलं, "दादा, तूच फिर. पाठ करून बस." अर्धी चेष्टाच होती ती.

तो फिरून बसला. उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या हाताला आला. डोळे मिटून त्यानं ऐकलं.

"डावा," म्हणाला, आणि थांबला.

बिघाड कसा शोधायचा हे त्यानंच मला शिकवलं होतं. एकेक गोष्ट बदलत जायची. दोष ज्याच्यासोबत फिरेल, त्याच्यातच तो. मला काही सांगावं लागलं नाही. राग आला, कुणाचा ते ठरवता येईना. मी कॅसेट बंद केली. त्यानं पेटी मांडीवर ओढली आणि झाकणाचे स्क्रू पिळायला लागला.

वहिनी आतून आली. त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून तिनं विचारलं, "चहा टाकू का?"

तो खाली मान घालून स्क्रू पिळत राहिला.

"बघा भाऊजी," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वरीस झालं, मधूनच असा अबोला धरतात. माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा म्हणावं."

"वहिनी," मी म्हटलं, "ह्या अंगाला या. इकडून विचारा."