काशीरामने सोडलेला दोर

तीस-एकतीस सालच्या सुमारास मी पलटणीत हवालदार होतो. कंपनीची रस्सीखेचीची टीम माझ्याकडे होती, सगळे गडी रत्नागिरी जिल्ह्यातले. दोराच्या टोकाला, अँकरला, बुरोंडीचा शिपाई काशीराम. हा मागे सरकू लागला की समोरच्यांचे चेहरे पडायचे.

फायनल आम्ही जिंकतच आलो होतो. दोर भराभर येत होता. तेवढ्यात काशीरामने अंगावरचा दोर काढला, धावत पुढे गेला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहून पुन्हा धरला! त्याच्या गावच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना हीच रीत. जाळं येऊ लागलं की शेवटच्याने दोर सोडायचा आणि पाण्यापाशी जाऊन परत धरायचा. मैदानावर मात्र आम्ही सगळे तोंडावर आपटलो. साहेबसुद्धा पोट धरून हसले.

त्या दिवसापासून काशीरामचा दम गेला. ताकद होती तेवढीच, पण प्रॅक्टिसला नवे रिक्रूटही त्याला ओढून नेऊ लागले.

"माज्यानं व्हनार नाय, हवालदार. माजं नाव काडा."

मी शिव्या घातल्या, गोडीनेही सांगितलं. उपयोग शून्य.

रजेवर खेडला घरी आलो, तेव्हा काशीरामही रजेवर होता, म्हणून मुद्दाम बुरोंडी गाठली. समुद्रकाठच्या पुळणीवर रापण चालू होती. काशीराम हाळी देत होता आणि म्हातारेसुद्धा त्या हाळीवर पाऊल टाकत होते. माणूस तोच, पण ताठ. मला राग आला आणि आनंदही झाला.

"इथं तुला कोण शिकवतो रे?"

"हितं कशाला कोन शिकवील? माजं मला कळतंय."

"मग तिथंही हाळी तूच दे. मी गप्प बसतो."

हवालदार गप्प बसलेला पलटणीने तेव्हा प्रथमच पाहिला.

पुढच्या फायनलला अंपायर ओरडला, "टेक द स्ट्रेन! पुल!" समोरचे झटके देत होते. लाट जाळं ओढते तेव्हा थांबावं, तसा काशीराम नुसता रोवून उभा. ते दमले तशी हाळी आली, "चला रे!" आठही जण एका पावलाने मागे. तीनपैकी पहिले दोन्ही पुल आमचे! मी टोपी हवेत उडवली, ती परत मिळाली नाही.

पुढे सरहद्दीवर एका कड्यावरून जखमींना दोराने खाली सोडायचं होतं. माझ्या मांडीत गोळी होती.

"अँकरला कोण?" मी विचारलं.

"मीच की," काशीराम म्हणाला.

मी अर्ध्यात असताना वर त्याला गोळी लागली. दोर हलला नाही. माझे पाय जमिनीला टेकले, मगच तो ढिला पडला. काशीराम त्या कड्यावरून परत आला नाही.

आता बुरोंडीला गेलो की मी रापणीला हात लावतो. शेवटच्याने दोर सोडून पुढे यायची माझी पाळी येते, आणि मला तो सोडवत नाही. पोरं हसतात. हसू देत.