श्रीला शंभर

भूकंपानंतर लातुरात स्लॅबवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. आमच्या सरांनीही शिकवणी पक्क्या खोलीतून पत्र्याच्या शेडमध्ये हलवली आणि फळ्याशेजारी कॉम्प्युटर मांडला. तो बघूनच पालक पोरांचे प्रवेश घेत. आत काय शिकवतात हे नंतर विचारत. मी नांदेडला 'बेसिक' ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आलेली, म्हणून चाचण्यांचे मार्क साठवायचं काम माझ्याकडे.

माझे वडील, आण्णा, औशाहून येऊन एकच पालुपद लावायचे. "जमीन हालायली अन् तू लातुरात बसून ऱ्हायलीस. घरी चल, आपलं घर पत्र्याचं हाय." शेवटी ठरलं, शनिवारच्या पालकसभेत त्यांच्यासमोर माझा प्रोग्राम चालला तर मी राहणार, नाहीतर त्यांच्याबरोबर एसटीने औसा. तिथे एक स्थळ तयारच होतं, म्हशींसकट.

प्रोग्राम साधा. मार्क लिहायचे तर फ्लॉपीवरची फाईल 'अपेंड'ने उघडायची, म्हणजे नवीन नाव जुन्यांच्या खाली जातं. वाचायची तर 'इनपुट'ने. 'आउटपुट'ने उघडली की फाईल कोरी, आधीचं सगळं साफ. हे मी सरांना सांगितलं होतं. पण सर गणिताचे, त्यांना सगळं आधीच माहीत असायचं.

शनिवारी शेड भरली. रेणापूरचे एक काका पुढे आले. "बाई, आमच्या पोरीचे मार्क दावा."

मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर एकच ओळ आली: श्री, शंभर.

"ह्यो कोन हुशार? कुठल्या गावचा हाय?" काकांनी विचारलं.

"आन् पेपर तर पन्नासाचा हुता की!" मागून कुणीतरी ओरडलं.

आण्णांनी पिशवी काखेत मारली.

मी प्रोग्रामच्या ओळी काढून पाहिल्या. सगळ्यात वर दोन पाहुण्या ओळी बसलेल्या: फाईल आउटपुटने उघड, श्री, शंभर लिही. मी सरांकडे बघितलं.

"अहो मॅडम, कुठल्याही वहीवर आपण आधी श्री काढतोच ना? तेवढं तुमचं राहिलं होतं. काल मी घातलं."

"आणि शंभर?"

"नावापुढे मार्क नसले की कॉम्प्युटर वाचेना. देवाला कमी कसे देणार?"

"सर, हा प्रोग्राम दर वेळी नवी वही घेतो, श्री काढतो आणि जुनी वही चुलीत घालतो."

मी दोन्ही ओळी उडवल्या. देवाला फाईलमधून काढून नुसतं पडद्यावर बसवलं. सरांचं समाधान झालं. मग तपासलेले पेपर मागवले. सर मार्क वाचत होते, मी टाइप करत होते. पालक एकमेकांच्या पोरांचे मार्क ऐकून खूश होत होते.

"आता बंद करून दावा," काका म्हणाले.

बंद केला. पुन्हा लावला. वर श्री, खाली सगळी नावं. काकांच्या मुलीला पन्नासात एकेचाळीस.

"त्या श्रीएवढे न्हाईत," काका कुरकुरले.

आण्णा पुढे आले, पडद्यावरून बोट फिरवलं. "लाईट गेली तरी ऱ्हातंय?"

"राहतंय."

"मंग त्या म्हशीवाल्याला न्हाई म्हनून सांगतो." काखेतली पिशवी सावरत दारापर्यंत गेले, तिथून वळले. "पर झोपायचं पत्र्याखालीच. स्लॅबखाली दिसलीस तर उचलून नेईन."