बाजाराच्या दिवशीची गोळी

माझी मोठी जाऊ ताराबाई सव्वीस वर्षं आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरकडच्या आठवडी बाजारांत भाजी विकत आली. आठवड्याला चार बाजार. मी तिच्याच शेजारी बसायची.

नऊ वर्षांपूर्वी तिला बीपीची गोळी लागली, मागाहून मलाही तीच. त्या गोळीनं लघवीला फार होते. बाजारात बायांनी जायचं कुठं? म्हणून बाजाराच्या दिवशी गोळी नाही, पाणीही नाही, असा आम्हा भाजीवाल्यांचा नियमच. डॉक्टरांनी विचारलं की ताराबाई खुशाल सांगायची, "घेतो ना रोज."

यंदा तिचे पाय सुजले. चार पावलांत दम लागायचा, रात्री आडवं होववेना. आदिलाबादला हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयाच्या मांसात प्रथिनांच्या तंतूंची बारीक जाळी असते. पोटातल्या बाळाचं हृदय वाढतं तेही तिच्याच आधारानं. पण वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं, की ते तंतू नको तेवढे वाढतात, जाळी दाट आणि कडक होते. मग हृदय नीट सैल पडत नाही, त्यात पुरेसं रक्त भरत नाही.

ताराबाई म्हणाली, "म्हंजे भेंडी जून झाली. आता कवळी कशी होईन?"

डॉक्टर हसले नाहीत. झालं ते बहुतेक तसंच राहील, म्हणाले. उरलंय ते सांभाळायचं तर गोळी रोज, एकही दिवस चुकवायची नाही.

मला तिचा राग आला. शहाणी बाई, अन् आपल्या हातानं जीवाची वाट लावली! पण कोणत्या तोंडानं बोलू? मीही तेच करत होते.

तिनं बाजार सोडला. आपली जागा मला दिली. पहिल्याच बाजाराला मी निघाले, तर ही दारात उभी. एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्यात गोळी.

"घे. माह्यासारखं नको करू."

"अन् मंग तिथं जाऊ कुठं मी, बाई? सांगा ना!" मी चिडून म्हणाले.

सव्वीस वर्षं बाजार केलेल्या त्या बाईनं गिलास आणखी पुढं केला. गोळी तिच्या तळहातावर तशीच होती, आणि मी टोपलं उचललं.