बटणावरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि चार सेकंदांत सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

वरवे बुद्रुकला घरीच मी टायपिंगची कामं घेते. ती गेली असती तर लोकांची बोलणी खाऊन पुन्हा केली असती. पण त्या डब्यात आईचा आवाज होता. आई वेल्ह्याकडची. हळदीची गाणी तिला तोंडपाठ, लग्नघरची माणसं गाडी पाठवून तिला न्यायची. एकदा तिला समोर बसवून मी ती गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरमध्ये टाकली. पुढं तो मोबाईल विहिरीत पडला. आणि गेल्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला, तिची वाचाच गेली. आता तिचा आवाज साऱ्या जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

प्लग काढून परत बसवला. त्याच बोर्डावर मिक्सर लावला, तो छान घरघरला. म्हणजे विजेचा दोष नव्हता, आणि हे कळल्यावर तर मी जास्तच घाबरले. शेवटी कापूरहोळच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"ताई, सीमोल्लंघन झाल्याबिगर म्या हत्यार उचलत न्हाई. स्क्रू ड्रायव्हर पूजेत हाये."

"अरे, हितं माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुझी कसली पूजा!"

"मग फोनवर सांगतो. काल तुमीबी मशीनची पूजा केली आसंल. कुंकू कुठं लावलंय?"

कुंकू आईनं लावलं होतं. खंडेनवमीला कोयता, विळा आणि कॉम्प्युटर यांची पूजा तीच करते. उजवा हात लुळा पडला तरी यंदाही हट्टानं डाव्या हातानं केली. मी वाकून पाहिलं. ओल्या कुंकवाचा टिळा थेट बटणावर होता, त्यात अक्षता. डाव्या हाताचा अंदाज न आल्यानं तिनं तो चांगला दाबून लावला होता. दाबलं की बटण बराच वेळ आतच अडकून राहत होतं.

"तेच! बटण दाबल्यालं ऱ्हायलं की मशीन आपसूक बंद हुतंय. वायर काढा, सुईनं कोरा. पाणी लावू नका. सारखं चालू-बंद केलंय तुमी, आतल्या डिस्कला काय झालं नसलं म्हंजे मिळवली."

हे शेवटचं त्यानं सांगायलाच नको होतं. मी देवाचं नाव घेत कुंकू कोरत बसले. अक्षता निघाल्या, बटण टक्कन वर आलं. वायर लावली. पडदा उजळला.

फाईल जागेवर होती. लावली. आईचा खणखणीत आवाज खोलीभर झाला आणि मला रडूच फुटलं.

"आई, ऐक!"

खुर्चीतली आई कान देऊन ऐकत होती, ठेक्यावर मान डोलवत होती. गाणं संपल्यावर तिनं माझा दंड हलवला, स्पीकरकडे बोट केलं आणि पंजा फिरवून विचारलं, कोण?

"तूच की गं."

ती हसली. मी थट्टा करतेय असं वाटून तिनं मान हलवली आणि आणखी एक लाव, अशी खूण केली.

मी लावलं. तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.