बाणकाका आणि उलटी उत्तर

वीस वर्षं बोअरवेल मारण्यात गेल्यावर काकांना जुन्या खडकांतलं चुंबकत्व मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. डोंगरातल्या लाव्ह्याच्या थराला आडवं ड्रिल लावायचं, बोटभर नमुना कापायचा आणि तो मोडून काढण्याआधी वरच्या बाजूला दिशेचा बाण आखायचा, हे त्यांचं काम. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या काळच्या उत्तरेची खूण धरून ठेवतात. बाण चुकला की ती खूण मातीमोल. म्हणून सगळे त्यांना बाणकाका म्हणत.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्यांना बोलावलं. डोंगरातल्या लाव्ह्याच्या मधल्या थरातून काढलेल्या सातही नमुन्यांची उत्तर चक्क दक्षिणेला येत होती. भट्टीत तापवून नंतरच्या काळात चढलेलं चुंबकत्व उतरवलं, तरी तेच.

"काका, बाण उलटे पडले का हो?"

"एखादा पडेल, मॅडम. सातही एकदम फिरायला मी काय कवायत घेत होतो?"

मॅडमना हसू आलं, पण शंका जाईना.

"मग डोंगरावरच चला. मोजणीसाठी कापून उरलेले नमुन्यांचे मागचे तुकडे मी जपून ठेवलेत," काका म्हणाले. बाणाची रेघ थेट मागच्या टोकापर्यंत ओढायची त्यांची सवय होती. बायको तिला खोड म्हणायची.

डोंगरावर त्यांनी पहिला तुकडा त्याच्या भोकात सरकवला. मोडलेलं टोक खडबडीत, त्यामुळे तो एकाच बाजूने बसणार. जरा फिरवल्यावर तो खट्कन बसला. रेघ बरोबर वर. सातही भोकांत तसंच. मॅडमनी भोकांची दिशा सूर्याच्या सावलीवरून पुन्हा मोजली. वहीत तेच आकडे होते.

मॅडम खडकावरच बसल्या. "म्हणजे हा थर थंड झाला तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं. खालच्या-वरच्या थरांत सरळ, मध्ये उलटं. या डोंगरात हे कुणालाच सापडलं नव्हतं, काका!"

"मी नुसतं भोक पाडलं," काका म्हणाले. पण छाती फुगलेली लपत नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "मग? चूक कुणाची निघाली?"

"कुणाचीच नाही. तेव्हा होकायंत्र असतं तर उत्तरेची सुई दक्षिणेला वळली असती."

"आणि लोक?"

"लोक नव्हतेच तेव्हा."

"तरीच भांडण झालं नाही," असं म्हणून तिने ताट वाढलं.

पुढच्या महिन्यापासून नव्या विद्यार्थ्यांना बाण आखायला काकाच शिकवू लागले. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांना रेघ टोकापर्यंत ओढायला लावली.