प्रमिलाबाईच्या हातचं हाड

फाट्यावर मगन खाटकाचं दुकान आहे. गिऱ्हाईक पांगलं, की तिथं प्रमिलाबाई येते. पदराचं टोक नाकाला, हातात झाकणाचा डबा. ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही, त्या घरातली ही बाई. पहिल्या खेपेला तिनं तोंड रस्त्याकडं केलं आणि नुसता डबा पुढं धरला.

मगनला हसू आवरेना. “व मावशी, डोया मिटीसन हाड निवडस का कोनी? इकडे देखा. कोनतं दिऊ?”

“जेनावरी कुत्रं मराव नई, ते दे.”

मगनचं हसू तिथंच जिरलं.

हे बोलणं तिच्या तोंडी आलं ते तिच्या आधीच्या कुत्र्यामुळं, भुऱ्यामुळं. मुलगा सुरतेला नोकरीला, लेक स्वप्नाली सासरी. कळसाडीच्या मळ्यात ती आणि तिचा नवरा गिरधर, दोघंच. चहूकडं ऊस आणि उसात बिबट्या. दावणीचं वासरू त्यानं ओढून नेलं, तेव्हापासून कुत्र्यावाचून अंगणात उतरायची सोय उरली नव्हती. भुऱ्या रानात जरा काही हललं तरी घसा फोडायचा. खायला ताक-भाकरी.

शेजारच्या अमृतकडं लग्न उरकलं. दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन आला. आत कोंबडीची उष्टी हाडं.

“वहिनी, भुऱ्याले बी लगीननं जेवन!”

कच्चं असतं तर प्रमिलाबाईनं त्याला बांधावरूनच परत पाठवलं असतं. पण हे शिजलेलं. रक्त नाही, वास मसाल्याचा. विस्तवावरून गेलं म्हणजे विटाळ गेला, असं तिच्या मनानं घेतलं. हात न लावता काठीच्या टोकानं तिनं पिशवी उलटी केली. भुऱ्यानं कडाकडा फोडून सगळं संपवलं.

सकाळी तो पाठीला बाक काढून उभा. बसेना, पाणी पिईना. जोर केला की रक्त पडे. शहाद्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि मान हलवली. शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं, म्हणाले, आतडं फाटलंय. द्यायचंच तर कच्चं द्यायचं, ते चिवट असतं. टेम्पोतून घरी आणता आणता भुऱ्या वाटेतच गेला. गिरधरनं बांधाला खड्डा खणला. प्रमिलाबाईनं माती लोटली आणि एवढंच म्हणाली, “मन्ही किळसनी मारं त्याले.”

पुढं गिरधरनंच काळं पिल्लू आणलं. काळू नाव पडलं. ते वाढलं तसं त्याला वास लागला धाब्यामागच्या उकिरड्याचा. तोंडात तंगडीचं शिजलेलं हाड धरून काळू येत होता, ते प्रमिलाबाईनं पाहिलं आणि ती धावली. ते हाड तिनं हिसकून घेतलं. बांधून ठेवावं, तर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. मग एकच उरलं. घरीच हाड मिळालं तर ते धाब्यावर कशाला जाईल?

गिरधर माळकरी. तो ओसरीवरूनच बोलला, “हाड मन्हा आंगनमा उनं, त मी तुन्हा हातनं पानी पेवाव नई.”

“नका पेवू,” ती म्हणाली आणि डबा घेऊन निघाली.

मगननं मांडीचं नळीचं हाड बाजूला सारून तिला दाखवलं. “हाऊ मांडीना नया नको, मावशी. दात मोडी जाई त्याना. हाई मान ल्या, हाई बरगडी ल्या. उलसा तुकडा कधी देऊ नका, तसाच गटकी जाई. आजनं हाड आजच द्या.” बाकीचं तिनं पाहून पाहून जमवलं. निंबाखाली जुनी गोणी अंथरायची. कुत्रं चघळेपर्यंत शेजारी बसायचं, पण हात घालायचा नाही. झिजून घासाएवढं उरलं, की काढून घ्यायचं. हाताला वास आला की पहिल्या पहिल्यांदा तिला ओकारी यायची. ओकून यायची आणि परत बसायची. मग राखेनं हात घासायचे, लुगडं बदलायचं.

अमृतची बायको शीला बांधावरून टोमणा मारी, “काय व बाई, म्हतारपनमा खाटीकनी दीक्षा लिधी का?”

“लिधी. तुन्हा मांडवनं जेवन एक कुत्राले पुरनं ना.”

शीला परत त्या बांधाला आली नाही.

गिरधर मात्र बोलला तसा वागला. त्यानं स्वतःची चूल मांडली, स्वतःचा माठ भरला. भाकरी थापायचा ती एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला करपलेली. प्रमिलाबाई रोज त्याच्यासाठी ताट वाढायची आणि रोज ते झाकून उचलायची. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात इतकं मुकं घर तिनं पाहिलं नव्हतं. पण डबा काही तिनं सोडला नाही.

एका संध्याकाळी मानेचं हाड झिजत आलं. ती काढायला वाकली, तर काळूनं दात दाखवले. ती पुढं सरकली, तसा तो तुकडा घाईघाईनं घशाकडं ओढू लागला. मान ताणली, डोळे पांढरे केले. 

“सोड! सोड रे मुडदा!” तिचा आवाज फाटला.

गिरधर जेवायला बसला होता. हातात सबंध भाकरी. तो तसाच उठून आला आणि काळूच्या नाकासमोर भाकरी धरली. “यू... यू... ले बेटा.”

काळूला एक उबळ आली. तुकडा गोणीवर पडला आणि त्यानं भाकरीला तोंड घातलं. प्रमिलाबाईनं तुकडा उचलून डब्यात टाकला. काळूनं करपलेली बाजूसुद्धा ठेवली नाही.

गिरधर निंबाखाली उभा राहिला. पीठ मळलं होतं तेवढं संपलं होतं, चूल विझली होती. प्रमिलाबाईनं हात घासले, लुगडं बदललं, ताट वाढलं आणि त्याच्या पाटासमोर ठेवलं.

तो पाटावर बसला. “हात धुयात का?”

“धुयात.”

“राखवरी?”

“राखवरी.”

त्यानं माळेला हात लावला, आणि घास घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चूल पेटवली नाही. एकादशीला हाड आणायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनंही वाद घातला नाही. एकादशीला काळूला दूध-भाकरी, आणि धाब्याकडं जाऊ नये म्हणून त्या दिवशी त्याला साखळी. साखळीचं टोक धरून गिरधर ओसरीवर बसून राहतो.