रावणाचा डायनामो

मोताळ्याला एसटी स्टँडजवळ एका मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकल कोणाचीही असो, तो आधी चाक फिरवून मान तिरपी करून बघत बसायचा. माणसाच्या तोंडाकडे त्यानं कधी पाहिलं नाही. "फिरते ना? मंग झालं," एवढंच बोलायचा.

दसऱ्याच्या नाटकात मी रावण होतो. महिनाभर फक्त मरायचा सराव केला होता. गावात वीज नव्हती, म्हणून माझ्या पुठ्ठ्याच्या मुंडक्यांना त्यानं हौसेनं सायकलच्या डायनामोवरचे बल्ब आणि चाकाबरोबर माना हलवणारी दोरी जोडली. पडद्यामागं सायकल स्टँडवर लावून पायडल तो स्वतःच मारत होता.

रामाचा बाण लागला. मी धाडकन पडलो, डोळे मिटले. मुंडकी मात्र लखलखत जोरजोरात "नाही, नाही" करत राहिली. रामानं आणखी एक बाण मारला. लोक हसून हसून लोळायला लागले. मी पडल्या पडल्या पडद्याकडे ओरडलो, "मेलो ना बे! थांब आता!" शेवटी रामानंच धनुष्य खाली ठेवलं आणि आत जाऊन ब्रेक दाबला.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेलो. "काऊन नाई थांबला बे?"

तो चाकाकडे बघतच म्हणाला, "मेला तू. चाक त मस्त फिरून राह्यलं व्हतं."